सहाव्या वर्षींची दाढ व तिच्यावरील लेप

"दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत," ही म्हण आपण सारे थट्टेनें उच्चारतों. परंतु तिच्या उत्तरार्धाची तयारी किती लवकर सुरू होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. दांत जाणें हा म्हातारपणाचा धर्म आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. वस्तुतः कित्येकांच्या तोंडांतून जी दाढ सर्वांच्या आधीं नाहींशी होते, तिच्या नाशाचा पाया मराठी पहिली-दुसरीच्या वर्गांतच घातला गेलेला असतो, आणि तो घातला जात असतां घरांतील कोणालाहि त्याची दाद नसते. प्रस्तुत लेखांत आम्हीं या दाढेविषयीं, आणि तिच्या रक्षणार्थ दंतवैद्य तिच्यावर जो एक पातळ लेप देतात त्याविषयीं, थोडें विवेचन करण्याचें योजिलें आहे. या लेपास त्याच्या इंग्रजी नांवावरून 'सीलंट' म्हणतात. त्याची माहिती ऐकतांच पालकांचा पहिला प्रश्न असतो, "हा टिकतो किती दिवस?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर नुसत्या वर्षांच्या आंकड्यांत देऊन भागत नाहीं; लेप टिकणें आणि दाढ टिकणें या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नीट ध्यानांत घ्यावा लागतो. तोच येथें उलगडून दाखवावयाचा आहे.

प्रथम त्या दाढेची ओळख करून घेऊं. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीमागें, एक नवी दाढ हिरडींतून डोकावूं लागते. वर दोन व खालीं दोन, अशा या चार दाढा होत. पुढचे दुधाचे दांत हलूं लागले म्हणजे घरांत सर्वांचें लक्ष तिकडे जातें. पडलेला दांत कौलांवर फेंकण्याचा समारंभहि होतो. पण या दाढेसाठीं जागा करून द्यावयास कोणताच दांत पडत नाहीं. ती मुकाट्यानें येते आणि मुकाट्यानें कामाला लागते. त्यामुळें पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच दाढ समजतात, आणि पुढें ती किडलेली दिसली तरी "पडेल आणि दुसरी येईल" असें म्हणून स्वस्थ बसतात. दुसरी कधींच येत नाहीं. मुलाच्या जन्माच्या सुमारास जबड्याच्या आंत जिच्या घडणीस आरंभ होतो, आणि जिचा माथा मूल तीन वर्षांचें होण्याच्या आंतबाहेर पुरा घडून तयार असतो, ती ही दाढ आयुष्यभर पुरावयाची असते. चर्वणाचा मोठा भार हिच्यावरच पडतो, आणि मागाहून येणाऱ्या दांतांची ओळहि हिच्याच आधारानें लागते. बाराव्या वर्षाच्या सुमारास हिच्याहि मागें दुसरी पक्की दाढ येते. तिची कथा बहुतांशीं हिच्यासारखीच आहे.

आतां या दाढेला एवढें भय कशाचें? तें तिच्या घडणींतच आहे. दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर लहान लहान उंचवटे असून त्यांच्या मधून खांचा गेलेल्या असतात. जात्याला टांकी लावलेली असली म्हणजे दळण चांगलें होतें, तद्वत् या उंचसखल माथ्यामुळें घांस चांगला दळला जातो. परंतु कांहीं दाढांच्या खांचा इतक्या अरुंद व खोल असतात कीं, त्यांची रुंदी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून फारशी अधिक नसते. आणि दांत घासण्याच्या ब्रशाचा एक केस याच्या सुमारें दुप्पट जाड असतो. अर्थात् ब्रश कितीहि मन लावून फिरविला तरी त्याचा केस खांचेच्या तळाशीं पोंचणें शक्य नाहीं. पोंचतात तीं साखर व पिठूळ अन्नाचीं सूक्ष्म कणें आणि तोंडांतील सूक्ष्म जंतु. जंतु साखर खाऊन आम्ल निर्माण करतात, आणि तें आम्ल दांताच्या वरच्या कठीण कवचांतील क्षार हळूहळू विरघळवितें. या कवचास एनॅमल म्हणतात. शरीरांत याच्यासारखा कठीण पदार्थ दुसरा नाहीं. पण खांचेच्या तळाशीं त्याचा थर पातळ असतो, आणि तो भेदला गेला कीं आंतील मऊ भागांत कीड झपाट्यानें पसरते. वरून मात्र केवळ एक काळसर रेघ दिसत राहते.

यांत भर म्हणून असें कीं, ही दाढ एका दिवसांत बाहेर पडत नाहीं. हिरडींतून तिचें टोंक दिसल्यापासून समोरच्या दाढेशीं तिची गांठ पडेपर्यंत पुष्कळदां वर्षाहून अधिक काळ लोटतो. तेवढ्या काळांत ती शेजारच्या दाढांहून ठेंगणी असते, तिच्या मागच्या भागावर हिरडीची झांप पडलेली असते, आणि सहा वर्षांच्या बालकाच्या हातांतील ब्रश तेथवर क्वचितच जातो. शाळकरी मुलांच्या पक्क्या दांतांतील दर दहा किडींपैकीं नऊ मागच्या दाढांत आढळतात, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें नमूद केलें आहे. वरील वर्णन वाचल्यावर त्याचें आश्चर्य वाटूं नये.

या खांचांचा कांहीं तरी बंदोबस्त करावा, ही कल्पना जुनीच आहे. १९२३ सालीं हायट नामक अमेरिकन दंतवैद्यांनीं असें सुचविलें कीं, कीड लागण्याची वाट न पाहतां निरोगी दाढेच्याच खांचा थोड्या कोरून त्या आधींच भरून टाकाव्या. १९२९ सालीं बोडेकर यांनीं दुसरी तोड काढली: खांचा कोरून रुंद व उथळ कराव्या, म्हणजे ब्रश आंत पोंचेल. दोन्ही उपायांत हेतु चांगला होता. पण निरोगी एनॅमलावर हत्यार चालवावें लागे, आणि एकदां कोरलेलें एनॅमल पुन्हा उगवत नाहीं. न कोरतां खांच बुजवावयाची, तर तींत घातलेला पदार्थ दांताला घट्ट धरून राहिला पाहिजे. आणि सदा ओल्या असलेल्या तोंडांत, कांचेसारख्या गुळगुळीत एनॅमलाला कांहीं केल्या कांहीं चिकटेना.

ही अडचण १९५५ सालीं दूर झाली. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं ईस्टमन दंतचिकित्सालयांत संशोधन करणारे मायकेल बुओनोकोर यांच्या असें लक्षांत आलें कीं, कारखान्यांतून धातूच्या पत्र्यावर रंग किंवा राळ पक्की बसावी म्हणून आधीं त्यास फॉस्फॉरिक आम्ल लावण्याची वहिवाट आहे. तोच प्रयोग त्यांनीं दांतावर केला. अर्धा मिनिट आम्ल लावून, धुऊन, वाळवून मग राळेचा थेंब ठेविला, तों तो पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक काळ चिकटून राहिला. याचें कारण समजण्यास गवंड्याचें उदाहरण पुरेसें आहे. जुन्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा धरत नाहीं, म्हणून गवंडी आधीं भिंतीला टाचे मारून ती खडबडीत करतो. आम्ल एनॅमलाच्या पृष्ठभागावर असेच, परंतु सूक्ष्मदर्शकांतूनच दिसतील इतके बारीक, टाचे मारतें. पातळ राळ त्या असंख्य छिद्रांत शिरते, तेथें कठीण होते, आणि जणु हजारों बारीक खुंट्यांनीं एनॅमलाला जखडून राहते.

या शोधाचा उपयोग दाढांच्या खांचांकडे करण्याचें श्रेय बुओनोकोर यांना व त्यांचे सहकारी क्वेतो यांना आहे. त्यांचा पहिला निबंध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं प्रथम वापरलेला चिकट पदार्थ तोंडांतील ओलाव्यानें लवकर खराब होई. परंतु बोवेन या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अधिक बळकट अशी एक राळ तयार केली होती, आणि तिचें पेटंट त्यांना १९६२ सालीं मिळालें होतें. ती या कामीं आणतांच लेपाला खरा टिकाऊपणा आला. १९७१ सालीं अशा राळेचा, अतिनील किरणांनीं कठीण होणारा लेप बाजारांत आला. पुढें अतिनील किरण मागें पडून साध्या निळ्या प्रकाशानें कठीण होणाऱ्या राळा प्रचारांत आल्या, आणि आज सर्वत्र बहुधा त्याच वापरतात.

लेप देण्याचा विधि पाहूं. यांत सुई नाहीं, कोरणें नाहीं, वेदना नाहीं. दंतवैद्य प्रथम दाढ स्वच्छ करतो व तिच्या दोहों बाजूंस कापसाच्या गुंडाळ्या ठेवून ती लाळेपासून अलग करतो. नंतर सुमारें ३५ ते ३७ टक्के फॉस्फॉरिक आम्ल खांचांवर पंधरा ते तीस सेकंद ठेवतो, पाण्याच्या फवाऱ्यानें धुऊन टाकतो, आणि हवेच्या झोतानें दाढ वाळवतो. वाळल्यावर ती खडूसारखी पांढरी व निस्तेज दिसली पाहिजे. तशी न दिसल्यास आम्लाचें काम झालें नाहीं असें समजावें. मग पातळ राळ खांचांत सोडून वर सुमारें वीस सेकंद निळा प्रकाश धरला कीं ती कठीण होते. एका दाढेस सारीं मिळून कांहीं थोडींच मिनिटें लागतात. या थोड्या मिनिटांतील जो एक क्षण, म्हणजे दाढ वाळल्यापासून राळ पडेपर्यंतचा, त्यावर लेपाचें पुढील सर्व आयुष्य अवलंबून असतें. त्या क्षणीं लाळेचा एक ओघळ जरी खडूसारख्या पांढऱ्या पृष्ठभागावरून गेला, तरी तीं सूक्ष्म छिद्रें लाळेंतील पदार्थांनीं बुजतात, आणि राळेला धरावयास जागा उरत नाहीं. लेप वरून सुरेख दिसतो, पण तो नुसता ठेवलेला असतो, धरलेला नसतो. अशा वेळीं चांगला दंतवैद्य पुन्हा आम्ल लावून सर्व विधि नव्यानें करतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा लेप टिकतो किती? या बाबतींत सर्वांत प्रदीर्घ निरीक्षणांपैकीं एक अमेरिकेंतील दंतवैद्य सायमनसेन यांचें आहे. त्यांनीं मुलांच्या पहिल्या पक्क्या दाढांवर पांढऱ्या रंगाचा राळेचा लेप एकदांच दिला, आणि पुढें पंधरा वर्षेंपर्यंत त्यांची तपासणी केली. मध्यंतरीं लेप नव्यानें दिला नाहीं. पांच वर्षांनीं पाहतां शेंकडा ८२ दाढांवर लेप पूर्ण शाबूत होता. दहा वर्षांनीं शेंकडा ५७ दाढांवर तो पूर्ण व शेंकडा २१ दाढांवर अंशतः उरला होता. पंधरा वर्षांनंतरचे आंकडे १९९१ सालीं प्रसिद्ध झाले: शेंकडा २८ दाढांवर लेप पूर्ण, शेंकडा ३५ दाढांवर अंशतः, आणि उरलेल्यांवर मुळींच नाहीं. एवढेंच वाचून कोणी म्हणेल, पंधरा वर्षांत तीन चतुर्थांश लेप मोडले, मग उपयोग काय झाला? पण सायमनसेन यांनीं त्याच वयाचीं व त्याच भागांत राहणारीं, लेप न दिलेलीं मुलेंहि तुलनेसाठीं पाहिलीं. पंधरा वर्षांच्या अंतीं लेप न दिलेल्यांच्या दाढांचे शेंकडा ८२.८ पृष्ठभाग किडलेले अथवा भरलेले आढळले. लेप दिलेल्यांचे शेंकडा ३१.३. लेप पुष्कळ ठिकाणीं गेला, पण जाण्यापूर्वीं आपलें काम करून गेला.

याचें मर्म असें आहे कीं, दाढेचीं सर्वच वर्षें सारखीं धोक्याचीं नसतात. उगवल्यानंतरचीं पहिलीं कांहीं वर्षें सर्वांत नाजूक. त्या काळांत नवें एनॅमल पुरें पक्व झालेलें नसतें, मुलाचा हात घासण्यांत तरबेज झालेला नसतो, आणि गोड खाण्याची हौस भरांत असते. एवढीं वर्षें खांच बंद राहिली, तर पुढें मुलाला जाण येते, दाढेचें कवच लाळेंतील क्षारांनीं अधिक बळकट होतें, आणि धोका बराच उतरतो. नाहींसा मात्र होत नाहीं. म्हणूनच वर उल्लेखिलेल्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१६ सालीं सांगितलेलें प्रमाण महत्त्वाचें आहे: लेप दिल्यापासून दोन वर्षेंपर्यंत दाढांतील शेंकडा ८० किडी टळतात, आणि चार वर्षेंपर्यंत शेंकडा ५०. लेप नसलेल्या ६ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पहिल्या दाढांत कीड लेप असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळते, असेंहि त्याच केंद्राचें म्हणणें आहे.

लेप जातो तो कां व केव्हां, हेंहि पाहिलें पाहिजे. जे लेप पहिल्या सहा महिन्यांत किंवा वर्षांत निघून जातात, ते बहुधा देतांना राहिलेल्या उणिवेमुळें जातात. आणि त्या उणिवेचें नांव बहुतेक वेळां ओलावा हेंच असतें. दाढ अर्धवट उगवलेली असून मागच्या भागावर हिरडीची झांप असेल, तर तेथून सारखी ओल झिरपते व लेप धरत नाहीं. मूल फार लहान किंवा भित्रें असून तोंड मिटूं लागलें, तरी तोच परिणाम. दाढांच्या माथ्यावरील लेपापेक्षां त्यांच्या बाजूच्या भिंतींवरील खांचांतील लेप लवकर सुटतात. हे पहिल्या वर्षाचे धोके टळले म्हणजे मग झीज मंद होते. दरवर्षीं शेंकडा पांच ते दहा लेपांना दुरुस्ती लागते असा सर्वसाधारण अनुभव आहे. सुपारी, बर्फाचे खडे, कठीण चिक्की यांसारख्या पदार्थांनीं लेपाचे तुकडे उडूं शकतात, तेव्हां असे पदार्थ दाढेखालीं फोडण्याची संवय नसणें बरें.

या ठिकाणीं आमच्या वाचकांना कल्हईचें स्मरण होईल. पितळेच्या भांड्याला कल्हई करतांना कल्हईवाला भांडें प्रथम घासून, तापवून, नवसागर टाकून लख्ख करतो. कारण मळक्या पितळेवर कथील धरत नाहीं. ती कल्हई जन्मभर राहील अशी कोणाची अपेक्षा नसते. ती उडाली म्हणून भांडें कोणी टाकून देत नाहीं, व कल्हई करणें व्यर्थ आहे असेंहि म्हणत नाहीं. पुन्हा कल्हई करून घेतात. दाढेवरील लेपाचेंहि तसेंच आहे. वर्षांतून एकदां, आणि ज्या मुलाला कीड लागण्याची प्रवृत्ति अधिक त्याच्या बाबतींत दोनदां, दंतवैद्याकडून लेप तपासून घ्यावा. जेथें तो सुटला असेल तेथें तेवढाच नव्यानें द्यावा. पारदर्शक लेपापेक्षां पांढरा किंवा रंगीत लेप या कामीं सोयीचा, कारण तो आहे कीं गेला हें डोळ्यांना तत्काळ कळतें.

उपमा मात्र एका जागीं थांबते. कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे कल्हई गेलेलें भांडें अपायकारक होतें. लेप गेलेल्या दाढेविषयीं तशीच शंका पुष्कळांना येते: अर्धा तुटलेला लेप आपल्याखालीं घाण दडवून ठेवील, आणि मुळीं लेप दिलाच नसता त्याहून दाढ लवकर किडेल, असें त्यांना वाटतें. ही शंका तपासण्यासाठीं अनेक निरीक्षणें एकत्र करून २००९ सालीं अमेरिकेंत एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, ज्या दाढांचा लेप पुढें निघून गेला, त्या कधींच लेप न दिलेल्या दाढांपेक्षां अधिक किडत नाहींत. अर्थात् ज्या मुलाला दर वर्षीं तपासणीस आणणें आईबापांना साधेल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, त्यालाहि लेपापासून वंचित ठेवण्याचें कारण नाहीं.

दुसरी शंका अशी कीं, खांचेंत आधींच कीड लागली असेल तर ती लेपाखालीं कोंडली जाऊन आंत वाढत जाईल. खड्डा पडलेली दाढ अर्थातच नीट भरून घेतली पाहिजे. परंतु जेथें अद्याप खड्डा पडलेला नसून नुसता पांढुरका किंवा तपकिरी डाग आला आहे, तेथें गोष्ट उलट घडते. लेपानें खांच पुरी बंद झाली म्हणजे आंतील जंतूंचा अन्नपुरवठा तुटतो, त्यांची संख्या घटते, व कीड बहुधा जागच्या जागीं थांबते. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संकलनांत अशा आरंभींच्या डागांपैकीं, लेप दिलेल्यांत दर वर्षीं शेंकडा २.६ पुढें वाढल्याचें व लेप न दिलेल्यांत शेंकडा १२.६ वाढल्याचें मध्यम प्रमाण दिलें आहे. मात्र येथें लेप शाबूत राहणें अगत्याचें असल्यानें तपासणी चुकवूं नये.

लेपाची एक निराळी जातहि आहे. तिला ग्लास आयोनोमर म्हणतात. लंडनमधील सरकारी रसायनशाळेंत विल्सन व केंट यांनीं १९७० च्या आंतबाहेर हें सिमेंट सिद्ध केलें. कांचेची विशिष्ट भुकटी व एक आम्लद्रव कालवून तें तयार होतें, दांताच्या क्षारांना स्वतःच चिकटतें, थोडी ओल सोसतें, आणि त्यांतून फ्लोराइड हळूहळू बाहेर पडत राहतें. टिकाऊपणांत तें राळेहून बरेंच उणें; कित्येकदां वर्ष-दोन वर्षांतच दिसेनासें होतें. तथापि वरून गेलेलें दिसलें तरी त्याचे कण खांचेच्या तळाशीं कित्येकदां उरतात, आणि सोडलेल्या फ्लोराइडाचाहि थोडा लाभ मिळतो. म्हणून जी दाढ अजून अर्धीच उगवली आहे व जिला कोरडी राखणें अशक्य आहे, तिच्यावर सध्यांपुरतें हें सिमेंट द्यावें, आणि ती पुरी वर आली म्हणजे राळेचा लेप द्यावा, असा व्यवहारी मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं या सिमेंटाचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला. जेथें वीज नाहीं व यंत्रें नाहींत, अशा खेड्यांतूनहि तें केवळ हातानें देतां येतें, हा त्याचा मोठा गुण होय.

लेपाचे गुण सांगतांना त्याच्या मर्यादाहि सांगणें न्याय्य आहे. तो दाढेच्या खांचा राखतो. दोन दाढांच्या मधल्या फटींत लागणारी कीड त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तसेंच, खांचांच्या रक्षणाचा तोच एकमेव मार्ग आहे असेंहि नाहीं. दक्षिण वेल्समध्यें सहा-सात वर्षांच्या एक हजारांहून अधिक मुलांवर एक मोठी परीक्षा करण्यांत आली. निम्म्यांना राळेचा लेप दिला व दर सहा महिन्यांनीं तपासून जेथें लागेल तेथें दुरुस्त केला. निम्म्यांना दर सहा महिन्यांनीं फ्लोराइडचें वार्निश लावलें. तीन वर्षांनीं पाहतां पहिल्या गटांतील शेंकडा १९.६ व दुसऱ्या गटांतील शेंकडा १७.५ मुलांच्या पहिल्या दाढांत आंतवर पोंचलेली कीड आढळली. हा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला; दोहोंतील फरक गणितदृष्ट्या नगण्य ठरला. परंतु वार्निश सहा महिन्यांनीं न चुकतां पुन्हा लावावें लागतें. ज्या मुलाची दंतवैद्याशीं गांठ वर्षानुवर्षें पडत नाहीं, त्याच्या दाढेवर एकदां नीट बसलेला लेपच पुष्कळ काळ पहारा करील, हें उघड आहे.

लेपाच्या राळेंतून बिस्फिनॉल-ए नामक द्रव्याचा लेश लाळेंत उतरतो, असेंहि कांहींच्या वाचनांत आलें असेल. लेप दिल्यानंतर पहिल्या कांहीं तासांत तो सांपडूं शकतो हें खरें. पण त्याचें प्रमाण अत्यल्प असून तो पुढें टिकत नाहीं. लेप कठीण झाल्यावर त्याचा वरचा ओलसर थर कापसानें पुसून घेतला व मुलाला चूळ भरून थुंकावयास लाविलें, म्हणजे तेवढाहि कमी होतो.

आतां आमच्या वाचकांनीं काय करावें? हें अंक हातीं घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या दाढा येऊन वर्षें लोटलीं. पण बाराव्या वर्षींच्या दाढा पुष्कळांच्या आतांच येत आहेत, आणि त्यांना पुरें वर येण्यास पहिल्यांपेक्षांहि अधिक काळ लागतो. त्यांनीं आरशापुढें तोंड उघडून उजेडांत आपल्या दाढा एकदां नीट पाहाव्या. ज्यांच्या घरीं सहा-सात वर्षांचीं भावंडें आहेत, त्यांनीं त्यांच्याहि पाहाव्या: दुधाच्या दोन दाढांच्या मागें तिसरी दिसली, तर ती आयुष्यभराची आहे हें आईबापांना सांगावें. ब्रश फिरवितांना तो गालाच्या बाजूनें आडवा आंत नेऊन त्या ठेंगण्या दाढेच्या माथ्यावर टेकवावा लागतो. सरळ पुढून फिरविलेला ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइडयुक्त टूथपेस्टनें दांत घासणें आणि दोन जेवणांच्या मध्यें गोड चघळीत न राहणें, या दोन गोष्टींची जागा कोणताहि लेप घेऊं शकत नाहीं.

लेप द्यावा कीं न द्यावा, हें त्या त्या दाढेच्या खांचा पाहून दंतवैद्यानें ठरवावयाचें आहे. उथळ खांचांच्या व किडीचें नांव नसलेल्या तोंडाला त्याची निकड कमी, खोल खांचांच्या किंवा आधींच दुधाच्या दाढा किडलेल्या मुलाला अधिक. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंतमहाविद्यालयांतून मुलांच्या दांतांचे स्वतंत्र विभाग आहेत. खाजगी दंतवैद्याचा खर्च ज्यांना जड जातो, त्यांनीं तेथें चौकशी करावी. जातांना लेप किती वर्षें टिकेल हें अवश्य विचारावें. पण त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावे: देतांना दाढ कोरडी कशी राखणार, आणि पुढली तपासणी केव्हां? या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा आपोआपच समाधानकारक येतें.

पांच वर्षें टिकलेला लेप आणि पन्नास वर्षें टिकलेली दाढ यांत हिशेब करावयाचा तो दाढेचा. लेप पुन्हा देतां येतो, वार्निश पुन्हा लावतां येतें, खड्डा पडला तर तोहि भरतां येतो. पण सहाव्या वर्षीं मुकाट्यानें येणारी ती दाढ एकदांच येते. तिच्या येण्याकडे घरांतील एका तरी माणसाचें लक्ष जावें, एवढ्याच हेतूनें हा लेख आम्हीं वाचकांपुढें ठेविला आहे.